गव्हाचं सत्त्व

डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? लहानपणी सारखे जुलाब, पोट फुगणं, वजनच न वाढणं?"

मी ताडकन म्हणाले, "नाही."

मी शाळेत शिकवणारी बाई. खोटं बोलणाऱ्या पोरांचे कान पिळण्यात माझी हयात गेलेली. आणि त्या दिवशी मी एका शिकलेल्या माणसाच्या तोंडावर इतकं सरळ खोटं बोलले की माझं मलाच ऐकू आलं. शेजारच्या खुर्चीवर हे बसले होते, म्हणजे माझे यजमान. पाटबंधारे खात्यात कारकून, जन्माचे मितभाषी. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. टेबलावरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. आणि आमच्या दोघांच्या मधे आमची एकोणीस वर्षांची लेक, हाडांवर ओढणी टाकल्यासारखी, मांडीवर रिपोर्टची फाईल घेऊन.

मला मुली दोन झाल्या. ही धाकटी. थोरली साडेतीन वर्षांची होऊन गेली, हिच्या जन्माच्या दोन वर्षं आधी. जुलाब, फुगलेलं पोट, काटक्यांसारखे हातपाय. डॉक्टरांनी जेवढं विचारलं तेवढं सगळं तिला होतं, एकही गोष्ट कमी नाही. आणि तिची आई म्हणाली, नाही.

धाकटीचं दुखणं वर्षानुवर्षं चाललेलं. रक्त कमी, लोहाच्या गोळ्या, चक्कर, तोंड येणं. मी तिला खात नाहीस म्हणून ओरडायची, ती पोट दुखतं म्हणून रडायची. शेवटी एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटात नळी घालून आतड्याचा तुकडा काढून पुण्याला पाठवला आणि निकाल आला तो हा: हिला गहू चालत नाही. गव्हातला जो चिकटपणा असतो, पोळी लाटताना ज्याच्यामुळं कणीक तुटत नाही, तोच हिच्या आतड्याला खातो. गहू बंद, जव बंद. मैदा, रवा, शेवया, पाव, बिस्कीट, सगळं बंद. किती दिवस, असं मी विचारलं. जन्मभर, ते म्हणाले. लेकीनं पाणीपुरीचं विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. तेव्हा कुठं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एकोणीसचं वय, तिला आतड्याचं काय कळणार.

मला मात्र त्या खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. थोरलीला पण हेच होतं का, एवढं एकच मला कळायला हवं होतं, आणि तेच विचारायची माझी छाती होत नव्हती. कारण हेच असेल, तर तिला कुणी मारलं हे मला ठाऊक होतं.

गव्हाचं सत्त्व ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे तो काय व्याप असतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग पाट्यावर वाटायचे, फडक्यात घालून पिळायचे. पांढरा चीक भांड्याच्या तळाशी बसतो. वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं आणि तो चीक ताटात पसरून वाळवायचा. खडे होतात, ते कुटून वस्त्रगाळ करायचे. दुधात शिजवून, साखर-वेलची घालून बाळाला भरवायचं. आमच्याकडं अशक्त लेकराला हेच देतात. बाळंतिणीला, म्हाताऱ्याला, दुखण्यातून उठलेल्याला. गव्हातली सगळी ताकद त्यात उतरते म्हणतात.

तेव्हा आम्ही शहरातल्या छावणी भागात दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. सासूबाई आमच्याजवळच होत्या. फार चांगली बाई, माझ्यापेक्षा शंभर पटीनं शांत. लेकीचं पोट सुटलं, हातपाय वाळले, तेव्हा त्या म्हणाल्या, मुडदूस झालाय, हिला वरचं काही देऊ नकोस, सत्त्व दे. औषधं चालू होतीच. डॉक्टर झाले, वैद्य झाले, दर्ग्यातला दोरा झाला, देवीचा अंगारा झाला. त्या काळी ह्या दुखण्याचं नावच आमच्या गावात कुणाच्या कानावर नव्हतं. म्हणून मी कुणाला बोल लावत नाही. लावायचा तर कुणाला लावू?

पण एक गोष्ट अजून मनातून जात नाही. त्या दिवसांत आम्ही दोघं, सासूबाईसुद्धा, रोज ज्वारीची भाकरी खायचो. कारकुनाच्या पगारात गहू सणावारालाच यायचा. माझी नोकरी नंतरची. हे महिन्याला पाच किलो चांगला गहू आणायचे तो फक्त तिच्यासाठी. आम्ही भाकरी-पिठलं खाऊन दगडासारखे राहिलो आणि जिचा सगळ्यात जास्त जीव जपायचा तिला गहू घातला. तिला नुसती भाकरी कुस्करून दिली असती, एखाद्या मजुराच्या पोरीला देतात तशी, तर?

जुलाब फार झाले की चार-आठ दिवस भाताची पेज द्यायचो. पोरगी जरा हसायला लागायची. भिंतीला धरून उभी राहायची. मग आम्ही आनंदानं परत सत्त्व चालू करायचो, अंगात ताकद यावी म्हणून. हे तीनदा झालं. तीनदा डोळ्यासमोर झालं आणि मला, शिकल्या-सवरल्या बाईला, दिसलं नाही.

तर दवाखान्यातून आलो आणि दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरावर तुटून पडले. तोवर आम्ही गारखेड्यात घर बांधलं होतं, दोन पगार येत होते, आणि पगार वाढला तशी भाकरी जाऊन रोज पोळी आली होती. मी गव्हाची कोठी रिकामी केली. रव्याचे, शेवयांचे, कुरडयांचे डबे शेजारणीला देऊन टाकले. पोळपाट-लाटणं दिलं. परात घासली, तवा चुलीतल्या निखाऱ्यासारखा लाल करून घेतला. हे म्हणाले, आपल्यापुरत्या पोळ्या करायला काय हरकत आहे. मी म्हणाले, ह्या घरात गव्हाचा कण जरी दिसला तर मी घर सोडून जाईन. एवढं तोडून बोलायची काही गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या डब्याला त्यांनी भाकरी नेली, आणि तिसऱ्या दिवशीही.

पहिला आठवडा नुसता चुकांचा. तिसऱ्या दिवशी लेकीचं पोट फुगलं. मी दिवसभर डोकं खाजवलं आणि संध्याकाळी हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचलं तर त्यात मैदा. हिंगात मैदा! आमटीला चिमूटभर घातलेला. ती डबी मी अंगणात भिरकावली. मग लक्षात आलं, भाकरीचं काय? हात पिठीला लावून थापायची सवय, पीठ ज्वारीचंच, पण दळून कुठं येतं?

बायकांना गिरणीत हे नेहमी बघावं लागतं. आपल्या आधी काय दळलं, बाजरी असेल तर आपली पोळी काळी पडते. म्हणून गव्हावर गहू टाका, ज्वारीवर ज्वारी टाका, अशी विनवणी करत उभं राहायचं. चवीपुरतं ते ठीक असतं. इथं दोन मुठी गव्हाचं पीठ मिसळलं तर पोरगी आठ दिवस झोपून. मी गारखेड्यातल्या दोन गिरणीवाल्यांशी भांडले. एक म्हणाला, बाई, एवढं काय होतंय थोड्यानं. त्याला मी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसरा तोंडावर हसला. शेवटी शहागंजातल्या एका म्हाताऱ्या चक्कीवाल्याकडं गेले. मी बोलत होते आणि माझ्याच नकळत रडत होते. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आपा, जुम्मे को चक्की बंद रखताऊँ. हफ्ते की सुबु पत्थर साफ करके पयले तुमारी ज्वारी पीसताऊँ. पयली दो मुठ्ठी फेक देना." शुक्रवारी गिरणी बंद, शनिवारी सकाळी दगड झाडून पहिलं दळण माझं. त्याचं भलं होवो. दर शनिवारी मी शाळेच्या आधी रिक्षानं शहागंजला जायची, आणि तो माझ्या देखत जातं पुसायचा.

लेक मात्र रुसलेली. कॉलेजच्या कँटीनमध्ये काही खाता येईना. मैत्रिणीच्या घरी नान-खलिया होता, म्हणजे मैद्याचे नान आणि मटणाचा रस्सा, तर ह्या बाईसाहेबांनी न जाण्याचं ठरवलं. मग मैत्रिणीची आईच फोनवर म्हणाली, ये, आज आमच्याकडं सगळेच भाताबरोबर खातोय. लेक जाऊन जेवून आली आणि घरी येऊन बाथरूममध्ये रडली. मी दाराबाहेरून विचारलं, काय झालं? तर म्हणे, माझ्यामुळं त्यांनी कुणासाठीच नान आणले नाहीत. आता ह्यात रडण्यासारखं काय? पण मलाही रडू आलं.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ती कॉलेजातून आली आणि म्हणाली, आई, भूक लागली. ह्या घरात एकोणीस वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. एक भाकरी खाल्ली, अजून अर्धी मागितली. वांग्याची भाजी, दाण्याची चटणी, कांदा फोडून. मी थापत होते, ती खात होती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या पोटातून दुसरं काहीतरी वर येत होतं आणि ते मला दाबता येत नव्हतं. पुढच्या आठवड्यात वजन दीड किलो वाढलं. गाल भरले. डोळ्यांखालचं काळं गेलं. जो येईल तो म्हणे, पोरीनं बाळसं धरलं. कुणी काही म्हटलं की मी हसायची आणि काहीतरी काम काढून मागच्या अंगणात जायची.

कारण हिच्या अंगावर चढणारा प्रत्येक किलो मला सांगत होता की थोरलीही अशीच सुधारली असती. चार आठवडे. नुसते चार आठवडे पुरले असते.

एका रविवारी दुपारी मी धान्य निवडत बसले होते. हे आले आणि समोर बसले. मी सुपातून नजर न काढता म्हणाले, "मी डॉक्टरांना खोटं सांगितलं."

"थोरलीलाही हेच असणार, हे मला त्याच दिवशी कळलं," हे म्हणाले.

मग मला जो राग आला तो विचारू नका. कळलं होतं तर चार आठवडे तोंडाला कुलूप का लावलं, असं मी विचारलं. बोलायचं नव्हतं तर माझ्याबरोबर राहायचं कशाला, इथवर बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जसं सव्वीस वर्षं ऐकत आलेत. मग म्हणाले, "तू नाही म्हणालीस. मला वाटलं, तुझ्या ध्यानातच आलं नाही. नाही आलं तर बरंच आहे, म्हणून गप्प बसलो."

म्हणजे चार आठवडे हा माणूस एकटाच ते घेऊन ऑफिसला जात होता, भाकरीचा डबा नेत होता. मी माझं ओझं एकटी वाहत होते आणि आम्हा दोघांनाही वाटत होतं की आपण दुसऱ्याला वाचवतोय. गहू कोण आणायचं हेही त्यांच्या ध्यानात असणारच. ते मी बोलले नाही. माझं तोंड कितीही फाटकं असलं तरी तेवढं मी बोलले नाही.

सहा आठवड्यांनी परत तपासणीची तारीख होती. ह्यांना ऑफिसात काम निघालं, की त्यांनी काढलं, देव जाणे. मी आणि लेक गेलो. डॉक्टर खूश. वजन बघितलं, जीभ बघितली, पाठ थोपटली. आम्ही उठायच्या बेतात होतो आणि मी परत खुर्चीत बसले.

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, घरात कुणाला होतं का," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. हिला एक थोरली बहीण होती."

लेकीला बहीण होती हे माहीत होतं. कपाटात एक फोटो आहे, तो तिनं बघितलेला. त्याच्यापुढं आम्ही कधी काही सांगितलं नव्हतं आणि तिनं कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन घेतलं. वय विचारलं, काय काय होत होतं ते विचारलं. मी पाढे म्हणावेत तसं सगळं सांगितलं. काय खायला देत होतात, त्यांनी विचारलं. मी सत्त्वाचं सांगितलं. पेज दिली की सुधारायची हेही सांगितलं. त्यांचं पेन क्षणभर थांबलं. ते थांबलेलं पेन मी अजून विसरले नाही.

मग ते म्हणाले, इतक्या वर्षांनी कुणीच खात्रीनं सांगू शकणार नाही. असेल, नसेलही. तेव्हा लहान मुलं कितीतरी कारणांनी जायची. तुम्ही जे केलं ते चांगल्यासाठीच केलं. माणूस भला होता. पण मला ते नको होतं. त्यानं एकतर म्हणायला हवं होतं, नाही बाई, तिचं दुखणं वेगळं होतं. नाहीतर माझ्यावर खेकसायला हवं होतं. शाळेत एखादं पोर मोठी चूक कबूल करायला येतं आणि आपण त्याला जा, जाऊ दे म्हणतो, तेव्हा ते जास्त रडतं. ते का रडतं ते मला त्या दिवशी कळलं.

परतताना रिक्षात लेक खिडकीच्या, म्हणजे उघड्या बाजूला तोंड करून बसली होती. क्रांती चौक गेला. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिनं विचारलं, "आई, ते सत्त्व तिला आवडायचं का?"

आवडायचं म्हणून मोकळं होता आलं असतं. एकदा खोटं बोलून चाललं होतं, दुसऱ्यांदाही चाललं असतं. पण मी तिला सांगितलं. ते मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना माहीत होतं, पण त्या गेल्या.

तिला ते अजिबात आवडायचं नाही. वाटी दिसली की ती भिंतीकडं तोंड फिरवायची. दात आवळून धरायची. दोन्ही हातांनी माझं मनगट ढकलायची, त्या काटकीसारख्या हातांनी. सगळे म्हणायचे, आईवर गेलीय, हट्टी आहे. मग हे ऑफिसात असताना मी तिला मांडीवर आडवी घ्यायची, तिचे हात माझ्या काखेत दाबायची, आणि नाक चिमटीत धरायची. श्वास घ्यायला तोंड उघडलं की चमचा आत. सासूबाई पाय धरायच्या. वाटी संपेपर्यंत. दिवसातून दोनदा. संपली की मी तिचं तोंड पदरानं पुसायची आणि पापा घ्यायची, शहाणं माझं बाळ म्हणायची.

घर आल्यावर लेकीनं रिक्षाचे पैसे दिले, माझ्या हातातली फाईल घेतली आणि आत जाऊन भाकरीसाठी पाणी उकळायला ठेवलं. त्या दिवशी भाकरी तिनं थापली. जाड झाली, कडेला फुटली, मी खाल्ली.

ती आता चांगली आहे. तिचा संसार आहे, तिच्या स्वयंपाकघरात गहू नाही. मी मात्र तेव्हापासून एक सोडलं ते सोडलंच. आमच्याकडं पाहुण्याला आग्रह करकरून वाढायची रीत. ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढणारी माणसं आम्ही. मी वाढत नाही. कुणी नको म्हणालं की माझा हात जागच्या जागी थांबतो. लग्नाकार्यात जावा-नणंदा म्हणतात, हिचा हात आखडला, हिला माणसं जड झाली. म्हणू दे. माझी थोरली साडेतीन वर्षांची झाली तरी जेमतेम चार-पाच शब्द बोलायची. त्यातला नको हा तिला सगळ्यात स्पष्ट यायचा. दिवसातून दोनदा ती तो मला सांगत होती.